पावसाच्या रानातला तळ

हिंजवडी हे गाव मुळशी तालुक्यातले. आज तिथे संगणकाच्या कचेऱ्यांचे काचेचे मनोरे उभे आहेत, भाताच्या खाचरांवरून रुंद रस्ते गेले आहेत. त्यामुळे हा तालुका मुळात पावसाचा आणि रानाचा, हे आपल्या लक्षात राहात नाही. माणवरून घोटावडे, पौड असे पश्चिमेकडे निघा. कोसाकोसाला पाऊस वाढत जातो. पुणे शहरात साऱ्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. याच तालुक्याच्या टोकाला, ताम्हिणीच्या घाटात, जुलै २०२४ मध्ये एका दिवसरात्रीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्याची नोंद आहे. पुणेकराच्या वर्षाच्या पावसाचा तीन चतुर्थांश हिस्सा चोवीस तासांत!

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे. आपल्या भागातली मुले हल्ली परदेशी कामाला जातात. बहुतेकांच्या वाट्याला मोठी शहरे येतात. पण एखाद्याला निराळेच ठिकाण मिळते. आफ्रिकेत गॅबन, बोर्निओचे बेट, नाहीतर दक्षिण अमेरिकेतले गयाना. तिथे कुठे धरण चाललेले असते, कुठे खाण, कुठे नुसता रस्ता. घरी सांगणे येते, "आई, जंगलात कॅम्पवर राहायचंय, दीड वर्ष." आई विचारते, "वाघबिघ आहे का रे तिथं?"

आईचे विचारणे साहजिक आहे. पण वाघ ही त्या तळावरची अगदी शेवटची काळजी. पहिली काळजी ओल्या मोज्यांची. हे कसे, ते आज पाहू. आणि त्यासाठी फार लांब जायलाही नको, कारण असले तळ आपल्याच सह्याद्रीत पडून गेलेले आहेत.

आधी रान म्हणजे काय ते बघा. ज्याला वर्षावन म्हणतात, त्यात झाडे बारमाही हिरवी असतात आणि माथ्यावर पानांचे एकसंध छप्पर धरलेले असते. खाली भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड. वारा नाही. वरचा पाऊस थांबला तरी खाली थेंब गळतच राहतात. आपल्या घाटमाथ्यावर अंजन, जांभूळ, पिसा या झाडांची जी दाट राने शिल्लक आहेत, ती याच घराण्यातली. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांचा आहे. विषुववृत्ताजवळ असे नसते. तिथे बाराही महिने पाऊस. एखादा महिना उणा, एखादा अधिक. पावसाचा आकडा पाहिला तर आपला घाट कुणाला हार जाणार नाही. पनामाच्या कालव्याच्या तोंडाशी कोलोन नावाचे शहर आहे, तिथे वर्षाला सव्वातीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; आपल्या कोयनेला सरासरी पाच हजार. पण आपल्याला आठ महिन्यांची उघडीप मिळते, आणि कामाच्या दृष्टीने सारे अंतर या उघडिपीत आहे. आपण आगोटीला सरपण भरतो, घर शाकारतो आणि पावसाला म्हणतो, ये आता. तिथे आगोट कधी धरायची? रोजच आगोट.

दुसरी एक गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर दाखवावी. एवढी झाडी पाहून वाटते की जमीन सोन्यासारखी असणार. तसे नसते. त्या रानातला कस बहुतांशी झाडांच्या अंगात असतो, मातीत थोडाच. पान गळते, कुजते आणि वरच्यावर पसरलेली मुळे ते सत्त्व लगेच शोषून घेतात. झाड काढले की हा व्यवहार मोडतो आणि उघडी माती पहिल्या चार सरींत वाहून जाते. दोन पसरट डबे घ्या. एकात गवतासकट मातीचे ढेकूळ ठेवा, दुसऱ्यात नुसती मोकळी माती भरा. दोन्ही तिरपे करून झारीने पाणी सोडा आणि खाली येणाऱ्या पाण्याचा रंग पाहा. तळ बांधणाऱ्याची पहिली अडचण मुलांना तिथल्या तिथे दिसेल. बुलडोझरने एका दिवसात मैदान मोकळे करता येते. आठ दिवसांनी त्याच मैदानात गुडघाभर चिखल होतो आणि कडेची दरड सुटू लागते.

म्हणून जाणता मुकादम आधी चर खणतो, तंबू मागून ठोकतो. उंचवटा पाहायचा, पण अगदी माथा नको, तिथे वीज आणि वारा. नदीकाठची सपाट जागा मोहात पाडते; तिच्यावर पुराची जुनी खूण, झाडांच्या बुंध्यांना अडकलेला गाळकचरा, किती उंचीवर आहे ते आधी बघायचे. वाळलेली आणि पोखरलेली झाडे तळाभोवतालची काढून टाकायची. रात्री वाऱ्यापावसात मोडून पडणारी फांदी ही त्या रानातली फार जुनी धास्ती आहे. मग पिण्याचे पाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, शौचकूप खालच्या अंगाला आणि दूर. हे नियम तुम्ही म्हणाल आजोबांनीच सांगितलेले. आहेतच.

मावळातले जुने घर आठवा. उंच जोते, उतरते छप्पर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे आलेली वळचण, पावसाच्या बाजूला गवताच्या झड्या, चुलीवर माळा आणि माळ्यावर धुरात सुकत असलेले दोर, सरपण, बियाणे. बोर्निओतली लोकांची लांबलचक घरेही खांबांवर उचललेली असतात. ओल वर चढू द्यायची नाही, वारा खालून खेळू द्यायचा. आजच्या तळावर पत्र्याच्या खोल्या असतात, विजेचे जनित्र असते आणि कपडे सुकवायला एक निराळी खोली असते. ही कोरडी खोली नाही तो तळ वाईट समजावा, मग भोजनगृह कितीही झकपक असो. पायाला आठ आठ दिवस कोरडेपणा मिळाला नाही तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सुटते, माणूस लंगडू लागतो. भात लावणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. त्यावर औषध एकच: रात्री पाय धुऊन, पुसून, कोरडे ठेवायचे, आणि झोपण्याचे मोजे कधीही कामावर घालायचे नाहीत.

आता आपल्या इथले तळ.

मुळशीचा तळ पहिला नव्हे, पण आपल्या तालुक्याचा. नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण घालायचे ठरवले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे तेव्हापासून घरोघर झाली. सत्याग्रह पुढे मोडला, पन्नासएक गावांची भाताची जमीन पाण्याखाली गेली, १९२७ साली खाली कोकणात भिऱ्याचे वीजघर चालू झाले. ते इथे सांगितले ते एवढ्यासाठी की रानातला तळ मोकळ्या जागेवर पडत नसतो. नकाशावर जिथे नुसता हिरवा रंग दिसतो तिथे कुणाचे तरी खाचर, देवराई, गुरांची वाट असते. परदेशी जाणाऱ्या मुलालाही तिथले लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेचा अर्थ मुळशीकराला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळावा.

कोयनेचा तळ याहून मोठा आणि अधिक शिकवणारा. नदी मोठी चमत्कारिक आहे. महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या धारेला धरून सरळ दक्षिणेला धावते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून कराडकडे जाते. त्या वळणापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर डोंगर तुटतो आणि शेकडो मीटर खाली कोकण लागते. इंजिनियरांनी ताडले की नदी अडवून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेले तर ते पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरेल. १९५४ पासून काम हाती घेतले गेले. धरण १०३ मीटर उंच, ८०० मीटरहून अधिक लांब. वीजघर डोंगराच्या आत कोरलेले. १९६२ साली पहिल्या जनित्राची वीज निघाली. या कामासाठी पाटण तालुक्यातल्या रानात कोयनानगर वसले.

कल्पना करा, पाच हजार मिलिमीटरच्या पावसात हजारो माणसे कामावर ठेवायची म्हणजे काय. काम दोन तऱ्हांचे होते. भिंतीचे काम उघडिपीचे. नदी भरली की ते अडते. बोगद्याचे काम डोंगराच्या आत, त्याला वरच्या पावसाची तितकी क्षिती नाही, पण तिथे सुरुंगाचा धूर, दगडाची बारीक धूळ आणि छतातून ठिबकणारे पाणी. म्हणजे एकाच तळावर एका टोळीचे वर्ष ऑक्टोबर ते मे, दुसरीचे बारमाही. हा हिशेब चुकला की कामे खोळंबतात. परदेशी तळावर ही सोय नाही. तिथे वर्षात कोरडा हंगाम शोधण्याऐवजी दिवसात शोधतात. बऱ्याच ठिकाणी पाऊस दुपारनंतर कोसळतो. म्हणून पहाटे कामाला लागायचे, काँक्रीट आणि मातीची कामे दुपारच्या आत उरकायची, पाऊस आला की छपराखालची कामे.

कोयनानगरची खरी परीक्षा मात्र पावसाने घेतली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचार वाजायच्या आत, भूकंप झाला. सारे झोपेत होते. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या, पण ते उभे राहिले. पुढे त्याला टेकू देऊन बळकट केले. पडली ती घरे, आणि त्यांतही जड दगडी भिंतींची. भरलेल्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो, याचे जगभरच्या शास्त्रज्ञांत सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आजही कोयनेचेच आहे. तळ म्हणजे चार दिवसांची वस्ती असे समजून घरे कशीबशी उभारली जातात. पण चार दिवसांची दहा-पंधरा वर्षे होतात, बायकामुले येतात, शाळा निघते. मग ती वस्ती गावासारखीच तपासायला हवी. पावसासाठी जड भिंत बरी वाटते, भूकंपात तीच अंगावर येते. हलकी चौकट, पक्के सांधे, वजनाला कमी छप्पर हे दोन्हींतून निभावते.

आणि ज्यांची जमीन शिवाजीसागराखाली गेली, त्यांतली कितीतरी कुटुंबे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी लांब लांब पांगली. त्यांच्या वारसांचे जमिनीचे झगडे साठ वर्षे उलटली तरी मिटले नाहीत. उरलेल्या रानाला १९८५ साली अभयारण्याचे संरक्षण मिळाले.

असो. आता डासांकडे वळू. कारण परदेशी तळांचा इतिहास हा पुष्कळ अंशी डासांचा इतिहास आहे.

पनामाचा कालवा आधी फ्रेंचांनी खणायला घेतला, १८८१ साली. सुएझ खणणारे द लेसेप्स साहेबच प्रमुख. आठ वर्षांत कंपनी बुडाली आणि अंदाजे वीस हजारांवर माणसे मेली. बहुतेक पिवळ्या तापाने आणि हिवतापाने. मौज म्हणावी की दैव, फ्रेंचांची रुग्णालये फार सुंदर होती. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवलेली असत. त्या भांड्यांत डास वाढत आणि खाटेवरच्या रोग्याचे रक्त घेऊन शेजारच्या खाटेकडे जात! डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा ठाऊक नव्हता. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच तो तर्क मांडला होता, पण ऐकले कुणी नाही. आपल्या देशात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने पिवळ्या तापाचा डास सिद्ध केला. मग १९०४ मध्ये अमेरिकनांनी कालवा हाती घेतला तेव्हा विल्यम गॉर्गस या डॉक्टरांनी काय केले? नळाचे पाणी आणले, म्हणजे घरोघर पिंपे भरून ठेवायला नकोत. डबक्यांवर तेल सोडले, चर काढले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, घरे धुरावली. १९०५ संपता संपता पिवळा ताप तिथून हटला. १९१४ साली कालवा सुरू झाला.

पण त्या जाळ्या सगळ्यांना सारख्या मिळाल्या नाहीत, हेही सांगायला हवे. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत आणि घरे जाळीची. बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेल्या काळ्या मजुरांचा पगार चांदीत आणि राहणे गर्दीच्या बराकीत. ही माणसे न्यूमोनियाने पटापट गेली. तळ किती निरोगी आहे हे साहेबाच्या बंगल्यावरून ठरवू नये, शेवटच्या मजुराच्या खोलीवरून ठरवावे. आजही तुमचा मुलगा कुठल्या खोलीत राहणार, किती जणांत, हे विचारायला संकोच कशाला?

पिवळ्या तापाची लस आता आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या उष्ण पट्ट्यात हा रोग अजून आहे. बोर्निओसारख्या आशियातल्या भागात तो नाही. लस जाण्यापूर्वी निदान दहा दिवस घ्यावी लागते, कारण तिचा दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. २०१६ पासून तो जन्मभर चालतो. त्या देशांतून परतताना हे पिवळे कार्ड जवळ नसेल तर आपल्या सरकारचे लोक सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. लोक यावर चिडतात. पण विचार करा: जो डास पिवळा ताप पसरवतो तोच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. तो हिंजवडीत, वाकडला, तुमच्या कुंडीखालच्या बशीत आहे. डास आपल्या देशात आहे, तो रोग नाही. एवढ्या एका फटीवर हा सारा बंदोबस्त उभा आहे.

हिवतापाची गोष्ट याहून फसवी. आफ्रिकेतला घातक हिवताप परत आल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उठतो. घरी येऊन ताप भरला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगायचे: "मी अमुक देशात, रानात होतो." नाहीतर साधा ताप समजून दोन दिवस जातात, आणि या तापात दोन दिवस फार असतात.

जळवांना लोक उगीच भितात. जळू रक्त पिते, पोट भरले की गळून पडते. ओढून काढू नये. नखाने तोंडाकडून हळूच सरकवावी. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, म्हणून मागे रक्त वाहत राहते. दाबून धरले की थांबते. गोचीड मात्र क्षुद्र समजू नये. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ च्या सुमारास जो माकडताप पसरला तो गोचिडांच्याच कृपेने. रानातून आल्यावर अंग, विशेषतः काखा आणि गुडघ्यांच्या मागची जागा, रोज तपासायची.

आणि साप. चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने करकचून आवळायचे नाही. तो अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात पोहोचवायचे. इथवर आपल्याकडे आता बहुतेकांना माहीत आहे. पण पुढचे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या देशात जी विषावरची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली आहे. ॲमेझॉनच्या सापावर ती उपयोगी नाही. तिथली लस तिथेच असावी लागते, थंड जागेत ठेवलेली असावी लागते आणि ती टोचणारा माणूस तळावर असावा लागतो.

शरीराचे एवढे झाले. मनाचे थोडे. तळावर पहिले दोन महिने नवलाईत जातात. तिसऱ्या महिन्यापासून तेच सात चेहरे, तोच भात, तोच पत्र्यावरचा पाऊस. रविवार आणि बुधवार यांत फरक उरत नाही. अशा वेळी माणसे बाटलीकडे वळतात नाहीतर एकमेकांवर खेकसतात. जाणते लोक याला वेळापत्रकाचा उपाय करतात: सुट्टीच्या दिवशी जेवण निराळे, संध्याकाळी एखादा खेळ, घरी बोलायचा वार ठरलेला. आईवडिलांनीही फोन लागला नाही तर लगेच घाबरू नये. पावसात तार तुटते, उपग्रहाचे यंत्रही ढगांत रुसते. घरची दुखणी-भांडणे फोनवर लगेच सांगावीत की थांबावे, याचा विचार मात्र ज्याचा त्याने करावा. तिकडच्या माणसाला ऐकून काही करता येत नाही, आणि रात्रभर पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडावे लागते.

शेवटी, सही करण्यापूर्वीची चौकशी. तळावर डॉक्टर आहे की नुसता औषधवाला? जवळचे मोठे रुग्णालय किती तासांवर, आणि रस्ता वाहून गेला तर रोगी कसा नेणार? रात्री विमान किंवा हेलिकॉप्टर उडते का? बहुतेक ठिकाणी उडत नाही. विमा कोणाच्या नावाचा, आणि त्यात रानातून बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का? किती महिन्यांनी किती दिवसांची रजा, आणि येण्याजाण्याचे भाडे कोणाचे? ही उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत घरी ठेवा. पासपोर्टही स्वतःपाशीच ठेवायचा. काही ठिकाणी मुकादम "सांभाळून ठेवतो" म्हणून तो मागून घेतो. तो भारत सरकारच्या मालकीचा कागद आहे, असे त्या पुस्तिकेतच छापलेले असते. ते पान उघडून दाखवावे.